स्पर्धेत कथा पाठवावी, पण अटी वाचून

सफाळ्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जातात. मुलगी बारावीत आहे आणि तिला लिहिण्याची आवड आहे. भगिनी लिहितात, "मोबाईलवर रोज कुठल्या ना कुठल्या लेखन स्पर्धेची जाहिरात येते. मुलीने एका ठिकाणी आजीवर लिहिलेली कथा पाठवली. आठ दिवसांत निवड झाल्याचे कळवले आणि कथा पुस्तकात छापण्यासाठी बाराशे रुपये भरायला सांगितले. मुलगी आनंदात आहे. तिचे वडील म्हणतात, भरू नको. काय करावे?"

वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. पैसे भरू नयेत. एवढे एका ओळीत सांगून हे पत्र बाजूला ठेवता आले असते. पण पैसे भरू नकोस असे सांगितल्यावर ती मुलगी विचारील, "मग मी पाठवू तरी कुठे?" त्याचे उत्तर घरात कोणाला ठाऊक नसेल तर मुलगी लिहिणेच सोडून देईल. म्हणून आज थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी या बाराशे रुपयांचा हिशेब पाहू. समजा, अशा एका पुस्तकात शंभर जणांच्या कथा-कविता घेतल्या. प्रत्येकाने बाराशे भरले की एक लाख वीस हजार रुपये जमा झाले. एवढ्यात शंभर-दीडशे प्रती छापून, प्रत्येकाला एक प्रत पाठवून, वर मोबाईलवर रंगीत सन्मानपत्र देऊनही छापणाऱ्याच्या हातात पैसे उरतात. पुस्तक दुकानात विकले जाण्याची त्याला गरजच नाही, कारण गिऱ्हाईक लेखकच आहे. म्हणून तेथे कोणाची कथा सहसा नापास होत नाही. याला सरळ फसवणूक म्हणता येईलच असे नाही. तो धंदा आहे, पण ती स्पर्धा नव्हे. "तुमच्या पुस्तकाला आयएसबीएन क्रमांक मिळेल" असे मोठ्या अक्षरांत सांगतात, त्यालाही भुलू नये. तो पुस्तकाचा ओळखक्रमांक असतो. आपल्या देशात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था तो विनामूल्य देते. त्यावरून आतला मजकूर चांगला की वाईट हे ठरत नाही.

पन्नास-शंभर रुपये प्रवेशमूल्य घेणारी एखादी वाचनालयाची किंवा साहित्य मंडळाची स्पर्धा प्रामाणिकही असते. टपाल, परीक्षकांचा प्रवास, सभागृहाचे भाडे कोठून तरी काढावे लागते. तेथे परीक्षक कोण, गेल्या वर्षी बक्षीस कोणाला मिळाले आणि रक्कम किती, एवढे विचारावे. उत्तर देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे पाठवू नये. आणि बक्षीस लागले आहे, पण त्यावरचा कर आधी भरा, असे कोणी म्हणाले तर तो सरळ चोर आहे असे समजावे. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करावा.

आता विनामूल्य स्पर्धांकडे वळू. आमच्या मते कामकरी कुटुंबातील मुलांसाठी पहिली जागा टपाल खात्याची. 'ढाई आखर' नावाची पत्रलेखन स्पर्धा हे खाते देशभर घेते. अठरा वर्षांपर्यंतचा एक गट आणि त्यावरील वयाचा दुसरा. अंतर्देशीय पत्रावर ५०० शब्दांपर्यंत किंवा साध्या कागदावर १००० शब्दांपर्यंत लिहून लिफाफ्यातून पाठवायचे. मराठीत लिहिलेले चालते. जाहिरात मोबाईलवर दिसते, पत्र मात्र हातानेच लिहावे लागते. महाराष्ट्राच्या पातळीवर पहिले बक्षीस २५ हजार, दुसरे १० हजार आणि तिसरे ५ हजार रुपये, तर देशपातळीवर ५० हजार, २५ हजार आणि १० हजार. खर्च काय, तर टपाल तिकिटाचा. पत्रावर वयाबद्दलची एक ओळ लिहावी लागते. ती विसरली तर चांगले पत्रसुद्धा बाद होते.

२०२५-२६ साली या स्पर्धेचा विषय होता, आपल्या आदर्श व्यक्तीस पत्र. आमच्या घरांतून अशा वेळी कोणाला पत्र लिहिले जाते हे सांगायला नको. बाबासाहेबांना पत्र लिहिण्यात गैर काहीच नाही. पण परीक्षकाच्या टेबलावर त्यांना लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा पडलेला असणार, आणि त्यांतील बहुतेक पत्रे महू येथील जन्मापासून सुरू होत असणार. ती माहिती परीक्षकाला पाठ असते. त्याच्या माहितीत नसते ते हे, की सफाळ्याच्या एका घरात बाबासाहेबांचा फोटो कोणी, कोणत्या पगारातून आणून लावला आणि त्या दिवशी घरात काय बोलणे झाले. तेथून पत्र सुरू करावे. किंवा पहाटेच्या गाडीला भाजीची टोपली घेऊन मुंबईकडे जाणाऱ्या आजीलाच पत्र लिहावे. आदर्श व्यक्ती पुतळ्यातलीच असली पाहिजे असे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.

लहान मुलांसाठी जागतिक टपाल संघाची पत्रलेखन स्पर्धा १९७१ पासून चालू आहे. ती ९ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी असते आणि आपल्याकडे तीही टपाल खात्यामार्फतच घेतली जाते. २०२५ मध्ये मुलांनी आपण समुद्र आहोत असे समजून पत्र लिहायचे होते. एडवण-केळव्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला यासाठी शिकवणी लावावी लागत नाही. पण स्पर्धा होऊन गेल्यावर ती कळून उपयोग काय? यासाठी शाळेतील मराठीच्या बाईंना किंवा सरांना दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा विचारून ठेवावे. पोस्टमनदादांनाही विचारावे. त्यांच्याकडे कागद बऱ्याचदा आधी पोचलेला असतो.

तीस वर्षांच्या आतील तरुण-तरुणींसाठी केंद्र सरकारची पीएम-युवा नावाची योजना आहे. ती राष्ट्रीय पुस्तक न्यास राबवते आणि प्रवेश मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावरून घेतले जातात. पहिली स्पर्धा २०२१ मध्ये झाली, ७५ जणांसाठी. तिसरी मार्च ते जून २०२५ मध्ये झाली, ५० जणांसाठी. पुस्तक लिहून झालेले नसले तरी चालते, दहा हजार शब्दांपर्यंतचा प्रस्ताव द्यावा लागतो. निवड झाल्यास सहा महिने दरमहा ५० हजार रुपये मिळतात. मराठीत प्रस्ताव देता येतो. विषय मात्र सरकारने ठरवून दिलेले असतात. आवडेल त्यावर लिहा अशी ही योजना नाही, हे आधी समजून घ्यावे. तिसऱ्या वेळी एक विषय १९५० ते २०२५ या काळातील आधुनिक भारताच्या घडणकर्त्यांचा होता. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत आहे. त्याच्या बांधकामावर राबलेल्या माणसांची नातवंडे आज याच टापूत राहतात. त्यांच्यापैकी एखाद्याने या विषयावर प्रस्ताव लिहिला असता तर आम्हाला फार आनंद झाला असता.

दिवाळी अंकांच्या कथास्पर्धा साधारण पावसाळ्यात जाहीर होतात. जानेवारीत १४ ते २८ तारखेपर्यंत मराठी भाषा पंधरवडा असतो, त्या सुमारास महाविद्यालये, वाचनालये आणि सरकारी कार्यालये निबंध मागवतात. प्रतिलिपीसारख्या मोबाईलवरील वाचन-लेखनाच्या मंचावरही मराठी स्पर्धा होतात. रोज लिहिण्याची सवय लावायला ती जागा वाईट नाही. मात्र तेथे वाचकांची संख्या पाहून हुरळून जाऊ नये.

मोबाईलवर शोधण्याची एक साधी रीत आहे. 'कथा स्पर्धा' असे नुसते न लिहिता पुढे चालू वर्ष घालावे. व्हॉट्सअॅपवर आलेल्या जाहिरातीवर विश्वास ठेवून लगेच पाठवू नये. तीच जाहिरात आयोजक संस्थेच्या स्वतःच्या पानावर आहे का ते पाहावे. 'अंतिम तारीख ३१ ऑगस्ट' असे ठळक लिहिलेले असते, पण साल कोणते ते लिहिलेले नसते, आणि ती जाहिरात तीन वर्षांपूर्वीची निघते. असले निरोप आपल्या लोकांत फिरत राहतात, कारण कोणाचे तरी भले व्हावे म्हणून प्रत्येक जण पुढे ढकलतो!

आणखी एक गोष्ट मुलांना पटत नाही. बहुतेक स्पर्धांना लेखन 'अप्रकाशित' हवे असते. फेसबुकवर टाकलेली किंवा प्रतिलिपीवर चढवलेली कथा बऱ्याच ठिकाणी प्रकाशित धरली जाते. म्हणून जी कथा स्पर्धेला पाठवायची आहे ती आधी चारचौघांना दाखवायची हौस आवरावी. घरच्यांना वाचून दाखवली तर ती प्रकाशित होत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या अटींकडे येऊ. अटींच्या शेवटी, बारीक अक्षरांत, एखादे वाक्य असते की पाठवलेल्या लेखनाचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील. बारावीतली मुलगी ते वाचत नाही, आणि वाचले तरी हक्क म्हणजे काय हे तिला कोणी सांगितलेले नसते. आपण राहत्या खोलीचे उदाहरण घेऊ. खोली भाड्याने दिली तर भाडेकरू राहतो, पण खोली आपलीच असते. खोली विकली तर आपल्याला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायलाही विचारावे लागते. कथेचेही तसेच आहे. 'ही कथा आमच्या अंकात एकदा छापण्याची परवानगी द्या' ही झाली भाड्याची अट, आणि ती मान्य करण्यास हरकत नाही. 'सर्व हक्क, कायमचे, सर्व माध्यमांत' ही विक्रीची अट झाली. उद्या त्या कथेवर नाटक झाले, चित्रपट निघाला, ती पाठ्यपुस्तकात लागली, तर आजी तिची, कष्ट तिचे, पण पैसा दुसऱ्याचा.

कायदा याबाबतीत लेखकाच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे जो लिहितो तो त्या लेखनाचा पहिला मालक. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी दिला हे लिहिले नसेल तर पाच वर्षांसाठी दिला असे धरतात. कोठे वापरायचा ते लिहिले नसेल तर भारतापुरता धरतात. आणि हक्क विकला तरी 'हे मी लिहिले आहे' असे म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. पण मोबाईलवर 'अटी मान्य आहेत' या चौकोनात खूण केली की तीसुद्धा संमती धरली जाऊ शकते, कारण संगणकावरून झालेल्या करारालाही माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिलेली आहे. तेव्हा चौकोनावर बोट ठेवण्याआधी वाचावे.

हा हक्क किती मोठा असतो ते पाहा. लेखक हयात असेपर्यंत तर तो असतोच, मृत्यूनंतरही साठ वर्षे वारसांकडे राहतो. अण्णाभाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी गेले. साठ वर्षांची मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेल्या लेखनाचा हक्क २०२९ सालच्या अखेरपर्यंत चालतो. ज्यांचे शाळेतील शिक्षण जवळजवळ झालेच नाही, त्यांच्या 'फकिरा'ला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि ते पुस्तक आजही विकले जाते. कथा ही अशी पिढ्यान्पिढ्या टिकणारी मिळकत आहे. सातबारा नसलेल्या माणसाकडेही ती असते. एका सन्मानपत्रासाठी ती कोणी लिहून देऊ नये.

अटींत आणखी एक ओळ शोधावी. 'लेखनावर स्पर्धकाने आपले नाव घालू नये, नाव-पत्ता वेगळ्या कागदावर द्यावा' अशी ती ओळ असते. ही अट असलेली स्पर्धा आम्ही अधिक पसंत करतो. आडनाव वाचून पुढचे वाचायचे की नाही हे ठरवणारी माणसे आपण पाहिलेली आहेत. नाव झाकलेले असले की परीक्षकापुढे फक्त मजकूर राहतो. ज्यांना वशिला नाही त्यांच्यासाठी यापेक्षा चांगली सोय नाही. उलट, वाचकांच्या मतांवर निकाल लावणाऱ्या स्पर्धेत ज्याचे नातेवाईक मोबाईलवर जास्त त्याचे पारडे जड होते.

मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकलेली मातंग समाजातील मुलगी. तीन वर्षांच्या शाळेवर तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला. त्या काळी असा मजकूर छापणारी पत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. आज जागा पुष्कळ आहेत, तेव्हा निवड करणे आपल्या हातात आहे.

पत्रातली मुलगी आजीवर लिहिते, त्याबद्दलही थोडे. घरातील माणसाची हकिकत लिहिताना त्या माणसाला आधी वाचून दाखवावी. आजीने जे फक्त नातीला सांगितले ते सगळेच तिला छापून यायला हवे असेल असे नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटे दुकान सांभाळून लिहीत होत्या आणि लिहिलेले कागद कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवत होत्या. १९८२ मध्ये ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. ते कधी आणि कोठे द्यायचे हे त्यांनी स्वतः ठरवले. आजीच्या बाबतीतही तेच व्हावे. आजी सांगते आणि नात शब्दशः उतरवून घेते असे असेल तर दोघींचीही नावे द्यावीत.

उतरवून घेण्याचे काम मोबाईलने सोपे केले आहे. मराठीत बोललेले तो लिहून देतो. डहाणू लोकलच्या गर्दीत मात्र याचा उपयोग नाही, तेथे शेजारच्या बायकांचा संसारही आपल्या कथेत येतो. घरी, रात्री, टीव्ही बंद केल्यावर जमते. मजकूर युनिकोडमध्येच असू द्यावा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटात टाइप करून घेतलेले पाठवले तर समोरच्याला नुसत्या खुणा दिसतात. पाठवण्याआधी एक प्रत स्वतःच्याच ई-मेलवर पाठवून ठेवावी, म्हणजे तारखेची नोंद राहते. आणि हल्ली मोबाईललाच निबंध लिहायला सांगणारी मुले आहेत. त्यांना इतकेच सांगू, की त्या निबंधात तुमची आजी सापडणार नाही, आणि बऱ्याच स्पर्धांना ते चालतही नाही.

शेवटी, मुलीच्या दहा-पंधरा कथा जमल्या तर काय करावे? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. हे मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. ज्याचे त्या प्रकारातले एकही पुस्तक निघालेले नाही त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या छपाईसाठी मंडळ अनुदान देते. कथा, कविता, कादंबरी, नाटक, बालवाङ्मय, आत्मकथन हे सारे त्यात बसते. म्हणजे पुस्तक छापायला आपण बाराशे भरायचे नसतात, सरकारच मदत करते. हस्तलिखिते साधारण जानेवारी महिन्यात मागवतात. पुस्तक निघाल्यावर ते स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारासाठी पाठवता येते. त्यात पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे पुरस्कार आहेत. त्या पुरस्काराची नियमपुस्तिका आणि प्रवेशपत्रिका मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते आणि मुंबईबाहेरच्या लेखकांना पुस्तके आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात देता येतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यापासून त्यासाठी ठाण्याला जायला नको. सफाळ्याहून गाडीत बसले की केळवे रोडनंतर पालघर. टपालाने पाठवायचे असेल आणि नियमांत रजिस्टर पोस्ट लिहिलेले असेल तर गोंधळू नये. ती सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये मिळवली आहे, पावती मात्र जपून ठेवावी. स्वतः जाणार असाल तर शेवटच्या दिवसाची वाट न पाहता कामाच्या वारी सकाळीच जावे, अर्जाची एक प्रत बरोबर न्यावी आणि त्या प्रतीवर आवकचा शिक्का व तारीख पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.